दहा लाख नोंदी आणि टेपच्या काळातली युक्ती

संशोधनाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात हे तुमच्या बाबतीत होणारच. दहा लाख नोंदींची सीएसव्ही फाइल हातात असते. तुम्ही पायथॉनमध्ये एक लूप लिहिता, एकेक नोंद डेटाबेसमध्ये टाकायला लावता आणि निवांत जेवायला जाता. परत येऊन बघता, तर काम दहा टक्केसुद्धा झालेलं नसतं. मला तेव्हा वाटलं होतं, लॅपटॉप जुना झाला. पण दोष लॅपटॉपचा नव्हता. तो कुठे होता हे समजायला जरा मागे जावं लागेल.

1950च्या दशकात मोठ्या कचेऱ्यांचा डेटा चुंबकीय टेपवर गेला. टेप सलगच वाचावी लागते, मधली एखादी नोंद पटकन उचलता येत नाही. म्हणून दिवसभराचे बदल साठवायचे, मूळ टेपच्याच क्रमाने लावायचे आणि दोन्ही सोबत वाचत नवी टेप लिहायची. काही बिघडलं तर कालची टेप शिल्लक असायचीच! पद्धत कंटाळवाणी खरी, पण यंत्राच्या स्वभावाला धरून होती.

मग डिस्क आली आणि हवी ती नोंद थेट गाठता येऊ लागली. 1970मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. त्याच सुमारास बोइंगमध्ये रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बी-ट्री ही इंडेक्सची रचना केली. पुढे आयबीएमच्या सॅन होजे इथल्या सिस्टिम आर प्रकल्पात जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी ट्रान्झॅक्शनची घडी बसवली. तिचा गाभा असा, की कमिट झालं म्हणजे वीज गेली तरी नोंद टिकणार. त्यासाठी बदल आधी लॉगमध्ये लिहायचा आणि तो लॉग डिस्कवर पोचल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही.

बँकेच्या खात्याला हे हवंच. पण आपल्या लूपमध्ये काय होतं बघा. प्रत्येक नोंदीमागे वेगळं कमिट असेल, तर आपण हे वचन दहा लाख वेळा मागतो. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते. दर कमिटला साधारण एक फेरा धरला, तर दहा लाख नोंदींना सव्वादोन तासांहून जास्त लागतात, तेही नुसते लॉगसाठी! एसएसडीवर हा आकडा खूप खाली येतो, खर्च मात्र संपत नाही. शिवाय प्रत्येक नोंद इंडेक्सच्या झाडात कुठेतरी मध्येच घुसते. झाड मेमरीत मावेनासं झालं की डिस्कवर नुसती धावपळ.

मग बल्क लोडर काय करतो? पोस्टग्रेसची कॉपी आज्ञा सगळ्या नोंदी एका प्रवाहात, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घेते. आधी रिकाम्या टेबलात डेटा भरून इंडेक्स नंतर बांधला, तर किल्ल्या एकदाच क्रमाने लावून झाड सलग रचता येतं. ओळखलंत ना? ही टेपचीच रीत. ट्रान्झॅक्शनवाल्या ग्रेंनाही तिचं महत्त्व माहीत होतं. 1985मध्ये त्यांच्या पुढाकाराने निघालेल्या एका लेखात (लेखक म्हणून छापलं होतं 'अनॉन'!) यंत्रं जोखायला बँकव्यवहाराच्या चाचणीसोबत दुसरी एक चाचणी होती: 100 बाइटच्या दहा लाख नोंदी क्रमाने लावा.

आता अडचणीची बाजू. वेगासाठी आपण प्राथमिक किल्ल्या आणि परकीय किल्ल्यांची तपासणी बाजूला ठेवतो, कधी इंटरनेटवरचा सल्ला वाचून लॉगची खात्रीही बंद करतो. दुसरं मी तरी फक्त फेकून देता येईल अशा डेटाबेसवरच करतो. एकच डुप्लिकेट फाइल आत गेली, तर सरासऱ्या चुकतात आणि ते कळतं थेट प्रबंध लिहिताना.

स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे हा आकाशाचा मोठा नकाशा. त्याचा डेटाबेस 2001मध्ये खुला झाला, त्यावर अॅलेक्स झाले आणि ग्रे यांनी काम केलं. डेटा सीएसव्हीतूनच यायचा. चुकीची फाइल कधीतरी भरली जाणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. म्हणून प्रत्येक नोंदीला ती आत आल्याची वेळ चिकटवलेली असायची आणि प्रत्येक लोड कधी सुरू झाला, कधी संपला, याचं वेगळं टेबल होतं. लोड फसला की त्या दोन वेळांमधल्या नोंदी पुसायच्या आणि दुरुस्त फाइल पुन्हा भरायची. तुमच्या टेबलात तेवढा एक कॉलम आजच टाका, मूळ सीएसव्हीही डिलीट करू नका.