एका नांवाचे चार ताप

हाडें मोडून काढणारा ताप, आठवड्याचें अंथरूण आणि पुढें कित्येक दिवस न हटणारा थकवा, एवढीच डेंग्यूची ओळख पुष्कळ काळ होती. एकदां भोगलेला हा ताप पुन्हां येतो कीं नाहीं, याविषयीं मात्र वैद्यांत एकमत नव्हतें. कोणी म्हणत, तो एकदां येऊन कायमचा सुटतो. कोणी म्हणत, पुढच्या सांथींत तोच रोगी पुन्हां पडतो. आश्चर्य असें कीं, दोघांचेंही म्हणणें खरें होतें.

१९०७ सालीं मनिला येथें ॲशबर्न व क्रेग या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं रोग्याचें रक्त अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणींतून गाळून निरोगी माणसांस टोंचलें. इतर जंतु गाळणींत अडतात. तरी ताप आलाच. साध्या सूक्ष्मदर्शकांतूनही न दिसणारा विषाणु हेंच रोगाचें मूळ, असें त्यावरून ठरलें.

तो विषाणु एकच कीं अनेक, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धांत निकडीचा झाला, कारण पॅसिफिक बेटांत व हिंदुस्थानांत सैनिक या तापानें अंथरुणास खिळूं लागले. १९४३ सालीं नागासाकीच्या सांथींत किमुरा व होत्ता यांनीं विषाणु वेगळा काढला. १९४४ सालीं हवाई, न्यू गिनी व कलकत्ता येथील अमेरिकन सैनिकांच्या रक्तांतून मिळालेले विषाणु आल्बर्ट सेबिन यांनीं स्वयंसेवकांवर पारखले. हवाईच्या विषाणूनें आजारी होऊन बरा झालेला मनुष्य त्याच विषाणूस दीड वर्षानेंही बळी पडेना. परंतु न्यू गिनीच्या कांहीं विषाणूंपुढें हें संरक्षण थोडेच महिने टिके. पुढें तोच मनुष्य पुन्हां तापानें फणफणे. कलकत्त्याचा विषाणु हवाईच्याच जातीचा निघाला. अशा रीतीनें पहिला व दुसरा हे दोन प्रकार निश्चित झाले.

१९५६ सालीं मनिलांतच लहान मुलें रक्तस्राव होऊन दगावत होतीं. हॅमन यांनीं तेथील विषाणु उंदरांच्या पिलांवर तपासले. पद्धति सरळ होती : विषाणूंत ज्ञात प्रकाराचें प्रतिद्रव्य असलेलें रक्तजल मिसळून तें पिलांस टोंचावयाचें. पिलें वांचलीं तर ओळख पटली. मेलीं तर पाहुणा निराळा. मनिलाचे दोन विषाणु निराळेच ठरले. तेच तिसरा व चौथा प्रकार होत.

ही मोजदाद केवळ पंडितांच्या कामाची नव्हती. एका प्रकारानंतर दुसऱ्या प्रकाराचा ताप आला तर तो अधिक घातक होण्याचा संभव असतो, हें पुढें बँकॉक येथें हॉलस्टेड यांच्या अभ्यासांतून दिसून आलें. जुनें प्रतिद्रव्य नव्या विषाणूस धरतें, पण मारूं शकत नाहीं. उलट त्यास पेशींत शिरण्यास साह्य करतें, असें मानलें जातें.

या गोष्टीचा कटु अनुभव पुन्हां फिलिपीन्सलाच आला. २०१६ पासून तेथें आठ लाखांवर मुलांस चारही प्रकारांवरील लस देण्यांत आली. ज्यांस पूर्वीं डेंग्यू झालाच नव्हता, त्यांचा पुढचा आजार या लशीनें तीव्र होऊं शकतो, हें २०१७ सालीं उघड झालें आणि मोहीम थांबवावी लागली.

म्हणून सांथ आली म्हणजे ‘डेंग्यू आहे’ एवढें कळून भागत नाहीं. आज प्रयोगशाळा कांहीं तासांत प्रकार सांगूं शकते. ज्या गांवांत काल पहिला प्रकार होता तेथें आज दुसरा आला, हें वेळीं समजलें, तर वैद्य आधींच सावध होतात आणि एखादें मूल वांचतें.