तंजावरचे दत्तविधान

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातशेती आणि नायक राजांच्या अमदानीतले विटांचे भव्य धान्यकोठार ही या गावाची ओळख. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि हा सुपीक प्रदेश भोसल्यांच्या अमलाखाली आला. पुढे शतकभराने याच प्रदेशाच्या वारशाचा प्रश्न एका लहान मुलाभोवती येऊन थांबला. त्या मुलाचे नाव सरफोजी.

तुळजाराजांची मुले-नातवंडे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. अखेरच्या आजारात, १७८७ च्या जानेवारीत, त्यांनी भोसले घराण्याच्याच एका दूरच्या शाखेतला मुलगा दत्तक घेतला. १७७७ च्या सप्टेंबरात जन्मलेला सरफोजी त्या वेळी दहाव्या वर्षात होता. राजांनी त्याला श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या स्वाधीन करण्याची इच्छा दर्शविली. श्वार्ट्झने ती जबाबदारी एकट्याने न स्वीकारता राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांचे नाव सुचविले. थोड्याच दिवसांत राजे निवर्तले.

येथून दत्तविधान हा घरातला संस्कार राहिला नाही, तो दप्तरातला दावा झाला. अमरसिंहांनी गादीवर हक्क सांगितला, तेव्हा मद्रासच्या इंग्रज सरकारने बारा पंडितांचे मत मागविले. पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरविला. राजांचे चित्त ठिकाणावर नव्हते, मुलाचे वय अधिक होते आणि तो जनकपित्याचा एकुलता एक पुत्र होता, ही त्यांची कारणे. गादी अमरसिंहांना मिळाली.

जनकाचे घर सुटलेले, दत्तक पिता परलोकवासी, आणि पालक म्हणून लाभलेला चुलताच प्रतिस्पर्धी, अशी त्या बालकाची स्थिती झाली. त्याला कोंडल्यासारखे ठेवतात, शिक्षणाची काही सोय नाही, अशा तक्रारी श्वार्ट्झने वारंवार सरकारकडे केल्या. अखेर १७९३ साली तुळजाराजांच्या राण्यांसह त्याला मद्रासला हलविण्यात आले. या राण्यांनी त्याचा हक्क सोडला नाही. शास्त्राच्या दृष्टीने वादग्रस्त ठरलेले मातृत्व त्यांनी आचरणाने सिद्ध केले, असेच म्हटले पाहिजे.

नव्याने मते मागविली गेली. आता काशीसह अन्य ठिकाणच्या पंडितांनी तेच दत्तविधान ग्राह्य ठरविले. १७९८ च्या जूनमध्ये सरफोजी गादीवर बसला. पदच्युत अमरसिंह कुंभकोणमपलीकडे तिरुविडैमरुदूर येथे जाऊन राहिले. परंतु कंपनीने आपला मोबदला चुकविला नाही. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार तिच्या हाती गेला आणि राजांना वार्षिक एक लाख पॅगोडा व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. पुत्रत्व मिळाले, राज्य गेले.

ज्याचे पुत्रत्वच अकरा वर्षे वादात होते, त्याने त्या कुळाचे ऋण कसे फेडले? बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले गेले, ते सरफोजीराजांच्याच आज्ञेने. पूर्वजांचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढविला आणि सरस्वती महालाचे नाव दिगंतात नेले. श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारीत, त्यांच्या राज्यारोहणापूर्वीच वारला होता. त्याच्या स्मरणार्थ राजांनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करविले. त्यात मृत्युशय्येवरील वृद्धाचा हात धरून राजे उभे आहेत. स्वधर्म न सोडता त्यांनी आपल्या आधाराच्या माणसाला अशी आदरांजली वाहिली.

एकुलत्या पुत्राच्या दत्तकाचा वाद पुढेही न्यायालयांत गाजत राहिला. १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने असा दत्तक वैध ठरविला आणि १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातही तो निषेध आढळत नाही. तथापि मोठा फरक आहे तो प्रश्नाच्या रोखात. तंजावरात विचारले गेले, देणाऱ्याला देण्याचा व घेणाऱ्याला घेण्याचा अधिकार होता का? २०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वये दत्तकाचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याने प्रथम पाहावयाचे ते मुलाचे हित. या व्यवहारात पैशाची देवघेव झालेली नाही, याचीही त्याने खात्री करून घ्यावयाची असते. आणि मुलाचे वय व समज लक्षात घेऊन त्याची स्वतःची इच्छाही विचारात घ्यावयाची असते.

पंडितांच्या दोन सभा झाल्या, गव्हर्नर बदलले, तह झाले. या एवढ्या खटाटोपात दहा वर्षांच्या सरफोजीला कोणी हा शेवटचा प्रश्न विचारला असेल, असे वाटत नाही.