सच्छिद्र पदार्थांचे लघुकोनी प्रकीर्णन

क्ष-किरणांची किंवा न्यूट्रॉनांची अरुंद शलाका पदार्थातून जाऊ देऊन, मूळ दिशेपासून अगदी थोड्या कोनातून विखुरल्या गेलेल्या भागाच्या तीव्रतेवरून पदार्थातील सूक्ष्म छिद्रे व त्यांच्या भिंती यांचे स्वरूप ठरविण्याच्या पद्धतीस लघुकोनी प्रकीर्णन म्हणतात. विखुरणाऱ्या रचनेचे आकारमान जितके मोठे तितका प्रकीर्णनाचा कोन लहान असतो. त्यामुळे अणूंपेक्षा कितीतरी मोठ्या छिद्रांची माहिती लहान कोनांतच मिळते. सिलिका जेल, उत्प्रेरक, कोळसा, सिमेंट व गाळाचे खडक यांच्या अध्ययनात ही पद्धत महत्त्वाची ठरली आहे. एक ग्रॅम सिलिका जेलमधील छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ काहीशे चौ. मी. असू शकते. शोषण, उत्प्रेरण व झीज या क्रिया या भिंतींवरच घडतात.

इतिहास : बारीक चूर्णे व कार्बनाचे प्रकार यांपासून लहान कोनांत मिळणारे तीव्र प्रकीर्णन १९३० च्या सुमारास पी. कृष्णमूर्ती या भारतीय भौतिकीविज्ञांनी नोंदविले. फ्रेंच भौतिकीविज्ञ आंद्रे गिनिये यांनी १९३८-३९ मध्ये त्याला पद्धतशीर सैद्धांतिक बैठक दिली. याच सुमारास, १९३८ मध्ये, ब्रनॉर, एमेट व टेलर यांनी नायट्रोजनाच्या अधिशोषणावरून (पृष्ठभागावर वायूचे रेणू धरून ठेवले जाण्याच्या क्रियेवरून) पृष्ठक्षेत्रफळ काढण्याची रीत मांडली. मात्र वायू फक्त बाहेरून पोहोचता येईल अशाच छिद्रांत शिरतो. प्रकीर्णनात बंद छिद्रेही मोजली जातात.

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ग्युंटर पोरोड यांनी १९५१ मध्ये पुढील महत्त्वाचा नियम सिद्ध केला. भिंत गुळगुळीत व सीमा स्पष्ट असल्यास प्रकीर्णनाची तीव्रता कोनाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि त्यातील स्थिरांकावरून एकूण पृष्ठक्षेत्रफळ मिळते. १९५७ मध्ये पीटर डेबाय, अँडरसन व ब्रुंबर्गर यांनी अनियमित छिद्ररचनेसाठी हाच विचार संभाव्यतेच्या भाषेत मांडला. जवळजवळच्या दोन बिंदूंपैकी एक घनात व दुसरा पोकळीत असण्याची शक्यता पृष्ठक्षेत्रफळावर अवलंबून असते.

खडबडीत पृष्ठभाग : अनेक नैसर्गिक पदार्थांत चौथ्या घाताऐवजी लहान, अपूर्णांकी घात मिळू लागले. १९७५ मध्ये बन्वा मँडेलब्रॉट यांनी ‘फ्रॅक्टल’ ही संज्ञा रूढ केल्यावर त्यांचा अर्थ लावता आला. गुळगुळीत पृष्ठाची मिती २ असते व अतिशय खडबडीत पृष्ठाची मिती ३ च्या जवळ जाते. पृष्ठ फ्रॅक्टल असल्यास प्रकीर्णनाचा घात ६ उणे पृष्ठाची मिती इतका असतो. बेल व श्मिट यांनी १९८४ मध्ये लिग्नाइट कोळशासाठी ३.४४ हा घात, म्हणजेच २.५६ ही मिती मिळविली. अशा पृष्ठाचे क्षेत्रफळ मोजपट्टी लहान करावी तसे वाढत जाते. म्हणून ‘पृष्ठक्षेत्रफळ किती’ या प्रश्नास मोजमापाचे परिमाण सांगितल्याशिवाय अर्थ उरत नाही.

हा निष्कर्ष निर्विवाद नव्हता. निरनिराळ्या आकारमानांची गुळगुळीत छिद्रे विशिष्ट प्रमाणात मिसळली, तरी आलेखावर तशीच सरळ रेषा मिळू शकते, हे श्मिट यांनीच १९८२ मध्ये दाखविले होते. फ्रॅक्टल म्हणून नोंदलेल्या बहुतेक रचनांचा पुरावा लांबीच्या जेमतेम दहापट-वीसपट पल्ल्यापुरताच आहे, असा आक्षेप आव्नीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये घेतला. पुढच्याच वर्षी रॅडलिन्स्की व सहकाऱ्यांनी अतिलघुकोनी न्यूट्रॉन प्रकीर्णनाची जोड देऊन गाळाच्या खडकांत २.८२ ही मिती लांबीच्या सुमारे हजारपट पल्ल्यात टिकते, असे दाखविले. त्यामुळे निदान या खडकांच्या बाबतीत तो आक्षेप लागू पडत नाही.

न्यूट्रॉनांचे वैशिष्ट्य : साधा हायड्रोजन व ड्यूटेरियम न्यूट्रॉनांना अगदी भिन्न प्रकारे विखुरतात. सुमारे ५८ टक्के जड पाणी असलेले मिश्रण सिलिकाच्या छिद्रांत भरल्यास घन व द्रव यांतील भेद नाहीसा होतो व प्रकीर्णन जवळजवळ थांबते. मिश्रण पोहोचू न शकलेली बंद छिद्रे तेवढी दिसत राहतात. नायट्रोजन पद्धतीसाठी नमुना कोरडा करावा लागतो आणि त्यात सिमेंटची नाजूक रचना बदलते. न्यूट्रॉन व क्ष-किरण यांना ओला नमुनाही चालतो. याच्या आधारे ॲलन, टॉमस व जेनिंग्ज यांनी २००७ मध्ये ओल्या सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटाच्या कणांची घनता २.६०४ ग्रॅ./घ. सेंमी. असल्याचे निश्चित केले.

भारतात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९८५ मध्ये सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीतील न्यूट्रॉनांच्या साहाय्याने खडक, सिमेंट व मृत्तिका पदार्थ यांतील छिद्रांचे अध्ययन झाले आहे. तथापि प्रकीर्णनाचा आलेख हे छिद्रांचे छायाचित्र नव्हे. एकच आलेख एकाहून अधिक रचनांशी जुळू शकतो. म्हणून अधिशोषण व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांच्या निष्कर्षांशी त्याचा मेळ घालूनच निर्णय करावा लागतो.