‘बायपास’ शब्दाची उलटापालट : तेलगाळणी आणि थंड एंजिन

मोटारीच्या एंजिनातील तेलगाळणीच्या संदर्भात ‘बायपास’ हा शब्द दोनदा रूढ झाला, आणि दोन्ही वेळा परस्परविरुद्ध अर्थांनी. १९२४ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या काळात ‘बायपास फिल्टर’ म्हणजे आडवाटेवर बसविलेली गाळणी. तेलाचा मुख्य प्रवाह न गाळताच बेअरिंगांकडे जाई. त्यातला थोडासा अंश बाजूच्या नळीने गाळणीत शिरे आणि स्वच्छ होऊन तळच्या टाकीत परत पडे. महायुद्धोत्तर काळात हाच शब्द ‘बायपास व्हॉल्व्ह’ या जोडशब्दात आला. तेथे मुख्य वाट गाळणीची झाली आणि आडवाट ही गाळणी चुकविणाऱ्या तेलाची. आधी गाळणी आडवाटेला होती, नंतर गाळणी टाळणे आडवाटेला गेले. शब्दाने अशी कूस बदलली याचे कारण भाषेत शोधून सापडणार नाही. ते थंड एंजिनाच्या वर्तनात आहे.

प्रारंभीच्या मोटारींत गाळणी नव्हतीच. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये तेलाचा पंपही नव्हता. फिरत्या चाकाने उडविलेले तेल एका नळीतून पुढे वाहत जाई आणि उरलेले काम शिंतोड्यांवर चाले. पंप असलेल्या गाड्यांत पंपाच्या तोंडाशी तारेची जाळी असे, परंतु तिचे काम खडा-कचरा अडविण्याचे होते, धातूचा बारीक कीस पकडण्याचे नव्हे. तेल मळले की ते ओतून द्यावयाचे, हाच उपाय. थंडीच्या दिवसांत गाडी चालू करणाऱ्यास तेलाचा घट्टपणा मापाने कळत नसे. तो हँडल फिरविणाऱ्या दंडाला कळे. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आल्यावर हा अनुभव मनुष्याच्या हातून बॅटरीकडे गेला, आणि थंड तेलाविषयीचे सर्वसामान्य ज्ञान काहीसे कमीच झाले असे म्हणावे लागते.

१९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहॅल्ग या दोन अमेरिकनांनी मोटारीसाठी तेलगाळणी सिद्ध केली आणि तिला ‘प्युरोलेटर’ हे नाव दिले. हा शब्द ‘प्युअर’, ‘ऑइल’ आणि ‘लेटर’ या तीन शब्दांच्या संकोचातून घडविला आहे. शुद्ध तेल, पण नंतर. व्यापारी नावांच्या व्युत्पत्तीत इतका प्रामाणिक शब्द विरळा, कारण या रचनेत तेल खरोखरीच नंतर शुद्ध होत असे. १९२४ च्या क्राइसलर गाडीवर ही गाळणी बसविली गेली. तिच्यातून एका वेळी साधारणतः तेलाचा दहावा हिस्सा जाई. बाकीचे नऊ हिस्से जसे असतील तसे बेअरिंगांत शिरत. पुष्कळ फेऱ्यांनंतर सगळेच तेल केव्हा ना केव्हा गाळणीतून जाईल, या भरवशावर ती योजना उभी होती.

या योजनेत थंडीचा प्रश्न जवळजवळ नव्हताच, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पहाटे घट्ट झालेले तेल गाळणीच्या अरुंद वाटेने गेले नाही तर बिघडत काही नसे. गाळणीत आत शिरण्याच्या जागी मुद्दामच लहान छिद्र ठेवलेले असे, म्हणजे मुख्य प्रवाहाचा दाब कमी होऊ नये. तेल घट्ट असेल तेव्हा गाळणी स्वस्थ बसे आणि बेअरिंगांना त्यांचे तेल मिळत राही. दोष निराळाच होता. पंपाने उचललेला धातूचा कण गाळणीला गाठण्याआधी बेअरिंग गाठील, याची शक्यता दहात नऊ.

हा दोष नाहीसा करावयाचा तर गाळणी मुख्य वाटेवरच आणली पाहिजे, म्हणजे पंपातून निघालेला प्रत्येक थेंब आधी गाळणीत आणि मग बेअरिंगात. पूर्णप्रवाही गाळणी ती हीच. तिचा प्रसार महायुद्धानंतरच्या दशकात झाला, आणि तो किती थोड्या अवधीत झाला याचा एक नमुना शेव्हरोलेच्या व्ही-आठ एंजिनात दिसतो. १९५५ साली हे एंजिन बाजारात आले तेव्हा त्याच्या ओतीव ठोकळ्यात गाळणीसाठी जागाच ठेवलेली नव्हती. मागणाऱ्यास वरून आडवाटेची गाळणी जोडून मिळे. १९५६ च्या एंजिनात ठोकळ्याच्या मागील अंगास पूर्णप्रवाही गाळणी आली. एका वर्षात जुना अर्थ मागे पडून नवा अर्थ त्याच एंजिनावर येऊन बसला. सर्वांनीच ही वाट धरली असे मात्र नाही. फोक्सवॅगनच्या वाऱ्याने थंड होणाऱ्या ‘बीटल’ एंजिनाने पुढेही कित्येक वर्षे तारेच्या जाळीवरच निभावून नेले.

पूर्णप्रवाही गाळणीने एक अडचण सोडविली आणि तत्काळ दुसरी उभी केली. तिचे मूळ समजण्यास तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा आंतरिक विरोध, ध्यानात घ्यावा लागतो. ३० क्रमांकाचे तेल १०० अंश सेल्सियसला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक एवढ्या श्यानतेचे असावे असा संकेत आहे. तेच तेल ४० अंशांना १०० च्या आसपास जाते आणि शून्य अंशाला हजाराच्या पलीकडे. म्हणजे तापलेल्या आणि गारठलेल्या एंजिनातील तेल नावाने एक असले, तरी वाहण्याच्या दृष्टीने त्यांच्यात शंभर पटींचे अंतर पडते. सच्छिद्र पदार्थातून द्रव जाताना प्रवाह दाबाच्या फरकाच्या प्रमाणात असतो, हा नियम आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या थरांवर प्रयोग करून १८५६ साली मांडला. श्यानता वाढली की तेवढाच प्रवाह ढकलण्यास त्याच प्रमाणात अधिक दाब लागतो, ही त्याची पुढची पायरी. वाळूच्या जागी राळेत भिजवून घड्या घातलेला कागद ठेवला तरी नियम बदलत नाही.

आता एंजिनाचा पंप हा दात्यांचा असतो. प्रत्येक फेऱ्यास तो ठरावीक आकारमानाचे तेल पुढे लोटतो. तेल घट्ट आहे म्हणून तो कमी लोटत नाही, दाब मात्र चढत जातो. अशा वेळी गाळणीच्या कागदापुढे दोनच शक्यता उरतात. तो फाटेल, किंवा तो टिकेल आणि पलीकडील बेअरिंगांना पुरेसे तेल मिळणार नाही. दुसरी शक्यता पहिलीहून वाईट. तेलाच्या पापुद्र्यावाचून फिरणाऱ्या बेअरिंगाचे आयुष्य फार थोडे असते, उलट मळक्या तेलावर तेच बेअरिंग दीर्घकाळ चालते, फक्त थोडे अधिक झिजते.

म्हणून गाळणीला झडप दिली गेली. कागदाच्या आतील व बाहेरील दाबांत सुमारे अर्ध्या ते दीड वातावरणाइतका फरक पडला की ही स्प्रिंगची झडप उघडते आणि कागदातून न मावणारे तेल न गाळताच पुढे जाते. तेल तापून पातळ झाले की ती आपोआप मिटते. यंत्ररचनेत ही गोष्ट विलक्षण आहे. ज्या कामासाठी गाळणी बसविली तेच काम काही काळ न करण्याची परवानगी तिला तिच्या रचनेतच देऊन ठेवलेली आहे. या परवानगीचा बचावही भक्कम आहे. पहाटे झडपेतून निसटणारे तेल म्हणजे आदल्या दिवशी असंख्य वेळा गाळून झालेले तेलच होय, आणि झडप उघडी असतानाही काही तेल कागदातून जातच असते. त्या काही मिनिटांपुरती एंजिनाची व्यवस्था १९२४ च्या जवळ जाते असे म्हणता येईल. फरक एवढाच की जुन्या रचनेत गाळलेले तेल टाकीत परत जाई, नव्या रचनेत गाळलेले व न गाळलेले अशी दोन्ही एकत्र होऊन बेअरिंगांत शिरतात.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. पंपाजवळ दाब मर्यादेत ठेवणारी झडप आणि गाळणीची ही झडप या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली जादा तेल टाकीकडे परत पाठविते, दुसरी गाळणीला वळसा घालून तेल पुढेच धाडते. मराठीत दोहोंसाठी ‘झडप’ हा एकच शब्द पुरवून वापरावा लागतो आणि गॅरेजमध्ये दोन्ही ‘व्हॉल्व्ह’च. पहिलीला ‘दाबझडप’ व दुसरीला ‘वळसाझडप’ म्हटल्यास निदान अध्यापनात तरी गोंधळ टळेल. ‘बायपास’ला ‘वळसा’ हा प्रतिशब्द आणखी एका कारणाने सरस आहे. वळसा कशाला घातला हे वाक्यात सांगावेच लागते, आणि ‘बायपास’ शब्दाची सगळी संदिग्धता ते न सांगण्यातूनच जन्मली आहे.

झडपेचे स्थान हाही वादाचा विषय झाला. शेव्हरोलेच्या उपर्युक्त एंजिनात ती गाळणीत नसून ठोकळ्याच्या बाजूस होती. इतरांनी ती गाळणीच्या डब्यातच घातली, काहींनी आट्यांच्या टोकाशी तर काहींनी दूरच्या बंद टोकाशी. दूरच्या टोकाशी असलेल्या झडपेकडे जाणारे तेल कागदाच्या बाहेरील मळावरून घासत जाते आणि अडकलेला मळ सोबत नेऊ शकते, असा तिच्यावरील आक्षेप आहे. तो अयोग्य म्हणता येणार नाही. १९५४ मध्ये विक्स कंपनीने पिळून बसविण्याची डबाबंद गाळणी आणली. डबा पुरता बंद असल्याने आतील झडप कोणत्या प्रकारची आहे, हे बसविणाऱ्यास पाहताच येईनासे झाले.

थंडीशी झुंज गाळणीनेच एकटीने दिली असे नाही. विमानांच्या बाबतीत महायुद्धकाळात निराळाच मार्ग रूढ होता. एंजिन बंद करण्यापूर्वी तेलात पेट्रोल मिसळावयाचे, म्हणजे दुसऱ्या सकाळी तेल पातळ राहते आणि एंजिन तापल्यावर पेट्रोल उडून जाते. परंतु पेट्रोलने एंजिनातील साचलेला गाळ सुटतो आणि तो गाळण्यांत येऊन बसतो. तेल वाहते करण्याच्या उपायानेच त्याची वाट तुंबावी, अशी ही गुंतागुंत होती. जमिनीवरील मोटारींसाठी तेलाच्या क्रमांकांपुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर आले. ते ‘विंटर’चे, म्हणजे हिवाळ्याचे आद्याक्षर आहे, वजनवाचक ‘वेट’ शब्दाशी त्याचा संबंध लावणे ही केवळ लोकव्युत्पत्ती होय. १९५० नंतरच्या दशकात १०-डब्ल्यू-३० यांसारखी बहुश्रेणी तेले आली, आणि गारठ्यातील श्यानता उतरल्यामुळे झडप उघडी राहण्याचा काळही आखूड झाला.

तथापि १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या साउथ डाकोटा राज्यातील सू फॉल्स येथे जे घडले त्याने या हिशेबातील एक उणीव उघडी पाडली. तेथील तेले स्टार्टरला एंजिन फिरवू देण्याच्या कसोटीस उतरलेली होती. पण हवा सावकाश थंड होत गेली तेव्हा तेलातील मेणाने जाळे धरले आणि तेल तळच्या टाकीतच मुरंब्यासारखे थिजले. एंजिन फिरले, पेटले, आणि पंपाने तेलाऐवजी हवा ओढली. गाळणीपर्यंत तेल पोहोचलेच नाही, तेथे वळसाझडप काय करणार? त्यानंतर सावकाश थंड करून तेलाची पंपयोग्यता मोजण्याची कसोटी प्रमाणांत आली. आज १० डब्ल्यू तेलाने उणे ३० अंशांना ६०,००० सेंटीपॉइजची मर्यादा ओलांडता कामा नये, आणि त्याच्या अंगी थिजण्याची चिन्हेही दिसता कामा नयेत.

गाळणीत आणखी एक रबरी पडदी असते. एंजिन बंद असताना डब्यातील तेल उलटे वाहून जाऊ नये, एवढेच तिचे काम. ती निकामी झाली तर सकाळी आधी रिकामा डबा भरतो, मग बेअरिंगांना तेल मिळते. साधे नायट्राइल रबर कडक थंडीत ताठरते, सिलिकोन लवचीक राहते. पुण्यास डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांपर्यंत उतरतो, तेथे नायट्राइलचे काही बिघडत नाही. पण तेथेही २०-डब्ल्यू-५० तेलाची श्यानता अशा पहाटे तापलेल्या एंजिनातल्या तेलाच्या कित्येक पट असते, आणि गाळणी मळाने अर्धी तुंबलेली असेल तर झडप उघडण्यास तेवढेच पुरते. चालकाला त्याची वार्ता लागत नाही. दाबाचा दिवा बहुधा गाळणीच्या पलीकडील तेलाकडे पाहत असतो, आणि तेथे दाब ठीकच असतो.