परमुलखातले गाऱ्हाणे : कँटन आणि ट्रान्सवाल



परदेशी जाऊन राहणाऱ्या माणसाला तिथल्या हवापाण्याची, अन्नाची आणि भाषेची सवय हळूहळू होते. होत नाही ती तिथल्या पोलीस शिपायाची आणि कचेरीतल्या कारकुनाची. सरकारी कचेरीचा अनुभव स्वदेशातही फारसा सुखाचा असतो असे नाही. पण स्वदेशात निदान ओरडावयाचे कोणापुढे, हे ठाऊक असते. परमुलखात तेही ठाऊक नसते. कायदा आपला नव्हे, भाषा आपली नव्हे, आणि पाठीशी उभे राहावयास गोत नाही, अशी ती अवस्था असते. या अवस्थेतून जे गाऱ्हाणे निघते ते बहुधा खरेच असते. पण खऱ्या गाऱ्हाण्यातून पुढे काय मागितले जाते, हा प्रश्न निराळा आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. हा प्रश्न तपासण्यासाठी आज दोन उदाहरणे घ्यावयाची आहेत : चीनमधील कँटन बंदरातले इंग्रज व्यापारी आणि दक्षिण आफ्रिकेच्या ट्रान्सवालमधले हिंदी लोक.

सन १७५७ मध्ये चीनच्या चिएनलुंग बादशहाने हुकूम काढून युरोपीयांचा सागरी व्यापार एकट्या कँटन बंदरापुरता मर्यादित केला. ही व्यवस्था १८४२ पर्यंत, म्हणजे पंचाऐंशी वर्षे टिकली. नदीकाठच्या वखारींच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात परदेशी व्यापाऱ्यांनी राहावे, तेही व्यापाराच्या हंगामापुरते. हंगाम सरला की मकावला निघून जावे. वखारीत बायकांना आणावयाचे नाही, पालखीत बसावयाचे नाही, शहराच्या तटाच्या आत पाऊल टाकावयाचे नाही. परक्याला चिनी भाषा शिकवणारा चिनी माणूस गुन्हेगार ठरे. सर्वांत जाचक नियम असा, की परदेशी माणसाने कोणत्याही अधिकाऱ्याकडे थेट अर्ज करावयाचा नाही. सरकारमान्य हाँग व्यापाऱ्यांची एक मंडळी होती. जे काही सांगावयाचे ते त्यांच्या मार्फत. म्हणजे ज्याच्याशी देण्याघेण्याचा तंटा, त्याच्याच हाती फिर्यादीचा कागद द्यावयाचा!

जकातीचा मुख्य अधिकारी बादशहाने नेमलेला असे. परदेशी लोक त्याला ‘होप्पो’ म्हणत. जहाजाची लांबीरुंदी मोजून त्यावर कर आकारला जाई, आणि त्याशिवाय प्रत्येक जहाजाला ‘नजराणा’ म्हणून १९५० ताएल रुपे द्यावे लागे. मूळची ही अधिकाऱ्यांची वरकमाई. पुढे तीच रीतसर कर होऊन बसली. तिच्याखाली पुन्हा दुभाष्यांचे, पहारेकऱ्यांचे आणि कारकुनांचे हात पसरलेले असतच. व्यापारी त्रासले, यात नवल नाही.

या त्रासाची दाद मागण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न १७५९ साली झाला. जेम्स फ्लिंट नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक नोकर चिनी भाषा उत्तम जाणत होता. तो कँटन सोडून जहाजाने उत्तरेकडे गेला आणि तिएनत्सिनला पोहोचून होप्पोच्या लाचखोरीविरुद्ध लिहिलेला अर्ज त्याने थेट बादशहाकडे पोहोचता केला. परिणाम पाहण्याजोगा आहे. बादशहाने चौकशी केली, आरोपांत तथ्य आढळले, आणि होप्पोला बडतर्फ करण्यात आले. पण बंदी असलेल्या बंदरांकडे जहाज नेल्याबद्दल फ्लिंटला मकावमध्ये तीन वर्षे कैदेत ठेवून मग हद्दपार केले. आणि ज्या चिनी माणसाने त्याला अर्ज लिहिण्यास मदत केली होती, त्याचा शिरच्छेद झाला. फिर्याद खरी ठरली, अपराध्याला शासनही झाले. पण फिर्याद करण्याची वाट मात्र पूर्वीपेक्षा पक्की बंद झाली. कोणत्याही एकतंत्री नोकरशाहीचा स्वभाव यात दिसतो. तिला अधिकाऱ्याचा भ्रष्टाचार एक वेळ खपत नाही, पण पायरी ओलांडून आलेला अर्ज त्याहूनही खपत नाही.

यापुढची घटना फौजदारी स्वरूपाची आहे, आणि तिचा आपल्या मुंबई बंदराशी संबंध आहे. हिंदुस्थान आणि चीन यांच्यामध्ये व्यापार करणारे ‘लेडी ह्यूज’ हे जहाज १७८४ च्या नोव्हेंबरात व्हाम्पोआच्या नांगरवाड्यावर उभे होते. त्यावरच्या मालाचा मुखत्यार जॉर्ज स्मिथ हा मुंबईचा व्यापारी. जहाजावरून सलामीची तोफ झाडली गेली आणि जवळच्या होडीतले दोन चिनी प्राणास मुकले. मारण्याचा हेतू कोणाचाही नव्हता. चिनी अधिकाऱ्यांनी गोलंदाजाला हवाली करा म्हणून मागणी केली. तो सापडत नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी स्मिथलाच धरले, वखारींना सैनिकांचा वेढा दिला आणि सर्वांचा व्यापार बंद केला. काही दिवसांत गोलंदाज सापडला, हवाली झाला, आणि ८ जानेवारी १७८५ रोजी त्याला गळा आवळून देहान्त शिक्षा देण्यात आली.

या शिक्षेने युरोपीय व्यापाऱ्यांच्या मनावर कायमचा ओरखडा उठला. चिनी कायदा म्हणजे जिवाबद्दल जीव, तेथे हेतू पाहत नाहीत, तेथील न्याय रानटी आहे, असे पुढची साठ वर्षे सांगितले गेले. वास्तविक चिंग घराण्याच्या दंडसंहितेत मनुष्यवधाचे अनेक प्रकार केलेले होते. जाणूनबुजून केलेला वध, मारामारीतला वध, चुकून झालेला वध आणि निव्वळ अपघात, अशा पायऱ्या होत्या. अपघाताला द्रव्यदंडाचीही सोय होती. ती सोय परदेशीयांना कधी मिळालीच नाही असेही नाही. ‘नेपच्यून’ जहाजाच्या खलाशांनी १८०७ साली कँटनमध्ये दंगल केली आणि तीत एक चिनी मेला. त्या वेळी इंग्रजांच्या वखारीतच चौकशी भरली; एडवर्ड शीन नावाच्या खलाशावर अपघाताचा ठपका आला आणि बारा ताएलांच्या आसपास दंड भरून तो सुटला. अर्थात यातही न्यायापेक्षा तडजोड अधिक होती. उलट १८२१ मध्ये ‘एमिली’ या अमेरिकन जहाजावरचा टेरानोव्हा हा खलाशी असा सुटला नाही. फळे विकणाऱ्या बाईच्या मृत्यूचा आरोप त्याच्यावर आला आणि त्याला देहान्त शिक्षा झाली. कायदा कठोर असण्यापेक्षा तो कधी कसा लागू होईल याचा भरवसा नसणे, ही परक्या माणसाची खरी व्यथा होती.

पण येथेच एका गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. ‘लेडी ह्यूज’च्या प्रकरणाआधी अवघी नऊ वर्षे, ५ ऑगस्ट १७७५ रोजी, कलकत्त्यात महाराजा नंदकुमाराला फाशी देण्यात आले होते. आरोप खोट्या दस्तऐवजाचा. त्या गुन्ह्याला या देशातल्या कोणत्याही कायद्याने देहान्त शिक्षा नव्हती. ती इंग्लंडच्या कायद्यात होती. तो इंग्रजी कायदा बंगालच्या माणसाला त्याच्याच भूमीत लावण्यात आला. चीनमध्ये गेलेल्या इंग्रजाला चीनचा कायदा लावणे रानटीपणाचे, आणि हिंदुस्थानातल्या हिंदी माणसाला इंग्लंडचा कायदा लावणे मात्र न्यायाचे, हे दोन्ही सिद्धान्त एकाच कंपनीच्या काळात सुखाने नांदत होते.

दुसरी गोष्ट अफूची. चीनने अफूवर १७२९ मध्येच निर्बंध घातले होते आणि पुढे ते कडक होत गेले. तरीही बंगालची अफू, आणि मुंबईमार्गे जाणारी माळव्याची अफू, हजारो पेट्यांनी कँटनच्या खाडीत उतरत राहिली. ती उतरे कशी? तर तिथल्याच अंमलदारांचे हात ओले करून. मुंबईतल्या कित्येक हवेल्यांचा पाया या व्यापाराच्या पैशावर भरला गेला, हे आपणही विसरून चालणार नाही. चिनी अधिकारी लाचखाऊ आहेत म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांचा धंदा त्या लाचखाऊपणावरच चालला होता. म्हणूनच लिन त्से-शू हा लाच न घेणारा अधिकारी १८३९ मध्ये कँटनला आला, तेव्हा त्यांची खरी अडचण झाली. त्याने वखारींना वेढा घालून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू हस्तगत केली आणि जूनमध्ये ती नष्ट केली. त्याच वर्षीच्या जुलैत कौलूनला खलाशांच्या दंगलीत लिन वेई-शी नावाचा चिनी मारला गेला. इंग्रज अधिकारी इलियट याने आरोपी हवाली करण्याचे नाकारले आणि स्वतःच न्यायासन मांडून काही खलाशांना दंड आणि थोडी कैद सांगितली. युद्धाच्या अनेक कारणांत या नकाराचीही भर पडली.

युद्धाचा निकाल सर्वश्रुत आहे. नानकिंगचा तह १८४२ मध्ये झाला, आणि १८४३ च्या पुरवणी व्यवस्थेने चीनमधल्या इंग्रजाच्या गुन्ह्याचा न्याय इंग्रज वकिलाने इंग्रजी कायद्याने करावा असे ठरले. अमेरिकेने १८४४ मध्ये तीच सवलत घेतली, मागोमाग इतरांनी. कँटनच्या व्यापाऱ्यांचे गाऱ्हाणे असे मिटले. पण ते मिटल्याबरोबर दुसऱ्याचे सुरू झाले. आता इंग्रजाविरुद्ध दाद मागणाऱ्या चिनी माणसाला आपल्याच देशात परक्याच्या कचेरीची पायरी चढावी लागू लागली. लहान देशांचे वकील तर पुष्कळदा स्वतः व्यापारीच असत. तेव्हा व्यापाऱ्याविरुद्धची फिर्याद व्यापाऱ्यापुढेच! शांघायमध्ये परदेशीयांच्या वसाहतीचे स्वतंत्र पोलीसदल उभे राहिले आणि १८८० नंतर त्यात पंजाबातले शीख शिपाई भरती झाले. ३० मे १९२५ रोजी नानकिंग रस्त्यावर याच दलाने इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमावरून चिनी निदर्शकांवर गोळीबार केला. ज्यांना स्वतःच्या देशात स्वराज्य नव्हते, त्या हिंदी शिपायांच्या बंदुका तिसऱ्याच्या भूमीवर तिथल्याच रहिवाशांवर रोखल्या गेल्या. हा न्यायाधिकार इंग्लंड आणि अमेरिका यांनी अखेर जानेवारी १९४३ च्या तहांनी सोडला. शंभर वर्षे लागली.

आता ट्रान्सवालकडे वळू. तेथे गेलेल्या हिंदी माणसाचे गाऱ्हाणे वरवर पाहता तेच होते : पोलीस, परवाना आणि कारकून. बोअर सरकारच्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने आशियाई माणसाला नागरिकत्व नाकारले आणि नोंदणीची फी लावली. ती लवकरच तीन पौंडांवर स्थिर झाली. रात्री नऊनंतर परवान्याशिवाय बाहेर पडावयाची बंदी. पदपथावरून चालण्याचीही मोकळीक नाही. प्रिटोरियात क्रूगरच्या घराजवळ पहारेकऱ्याने गांधीजींना पदपथावरून ढकलून लाथ मारल्याचा प्रसंग त्यांच्या आत्मकथेच्या वाचकांना ठाऊकच आहे. बोअर युद्धानंतर इंग्रजांचे राज्य आले, तेव्हा जाच कमी होईल अशी आशा होती. उलट आशियाई लोकांसाठी निराळे खातेच निघाले. हक्काच्या माणसाला परवाना मिळेना, आणि बिनहक्काचा माणूस शंभर पौंड मोजून आत येऊ लागला. गांधीजींनी पुरावा गोळा करून दोन अधिकाऱ्यांना न्यायालयात उभे करविले. पुरावा भक्कम होता, तरी गोऱ्या पंचांनी दोघांनाही निर्दोष सोडले. मात्र सरकारने त्यांना नोकरीतून काढले. फ्लिंटच्या होप्पोचीच ही दुसरी आवृत्ती!

पुढे १९०६ मध्ये नव्या कायद्याचा मसुदा आला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने नोंदणी करावी, दहाही बोटांचे ठसे द्यावेत, आणि पोलिसाने रस्त्यात किंवा घरात शिरूनही दाखला मागितला तर तो दाखवावा. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा भरली आणि कायदा न मानण्याची शपथ घेण्यात आली. या लढ्यात ट्रान्सवालमधले चिनीही सामील होते. त्यांचे पुढारी लिउंग क्विन हे जानेवारी १९०८ मध्ये गांधीजींबरोबर तुरुंगात होते, आणि स्मट्सशी झालेल्या तडजोडीच्या पत्रावर गांधीजी आणि तंबी नायडू यांच्याबरोबर त्यांचीही सही आहे. तडजोड फिसकटली, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर दाखल्यांची होळी झाली. आपले गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत गेले, ते याच गाऱ्हाण्याची दाद लावण्यासाठी. बोथा आणि स्मट्स यांना भेटून काळा कायदा आणि नाताळमधला तीन पौंडांचा वार्षिक कर दोन्ही जातील असा विश्वास घेऊन ते परतले. गांधीजींचा त्यावर फारसा भरवसा बसला नाही. कर रद्द झाला तो आणखी एक मोठा लढा होऊन, १९१४ मध्ये.

मित्रहो, या दोन गाऱ्हाण्यांत फरक कोणता? ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांच्या पाठीशी आरमार नव्हते, हे तर उघडच आहे. पण फरक तेवढाच नाही. कँटनचा व्यापारी म्हणत होता, तुमचा कायदा आम्हांला नको. ट्रान्सवालचा हिंदी माणूस म्हणत होता, तुमचा कायदा आम्हांला इतरांसारखाच लावा. पहिल्याला सूट हवी होती, दुसऱ्याला समता. सूट मिळाली की तिचा भार कोणाच्या तरी खांद्यावर जातो. चीनमध्ये तो शंभर वर्षे चिनी माणसाच्या खांद्यावर होता. समतेने असा भार कोणावरही पडत नाही. याचा अर्थ कँटनच्या व्यापाऱ्यांची भीती खोटी होती असा नाही. जो गोलंदाज सलामीची तोफ झाडून प्राणास मुकला, त्याच्यावर अन्यायच झाला. पण त्या अन्यायावरचा उपाय कायद्यातून बाहेर पडणे हा नव्हता. आरोप कळणे, दुभाष्या मिळणे, स्वकीयांना भेटता येणे आणि हेतूचा विचार होणे, हा होता.

जगाला हे कळावयास बराच काळ गेला. व्हिएन्ना येथे १९६३ मध्ये झालेल्या राष्ट्रवकिलांविषयीच्या कराराने ही मधली वाट नियमबद्ध केली. परदेशी माणसाला पकडल्यास आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा त्याचा हक्क त्याला सांगितला पाहिजे, आणि वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्याची भेट मिळाली पाहिजे. खटला त्या देशाच्याच कायद्याने चालावयाचा, पण आरोपी एकाकी पडावयाचा नाही. कुलभूषण जाधव प्रकरणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने या कराराचा भंग केल्याचा निर्णय दिला, तो याच कलमाच्या आधारे.

आज मराठी माणूस आखातात, अमेरिकेत, युरोपात पोटापाण्यासाठी राहतो, आणि तिथल्या कचेऱ्यांविषयीची त्याची गाऱ्हाणी आपण त्याच्या पत्रांतून आणि सुटीतल्या गप्पांतून ऐकतो. ती ऐकावीत, त्यांची दादही लावावी. मात्र त्याच वेळी आपल्या शहरात परप्रांतातून किंवा परदेशातून आलेला एखादा माणूस पोलीसचौकीच्या बाकावर भाषा न कळता बसलेला असतो. त्याचा अर्ज कोण लिहून देतो, हाही प्रश्न आपल्याच दाराशी उभा आहे. फ्लिंटचा अर्ज लिहिण्यास मदत करणारा तो चिनी माणूस त्यासाठी जिवास मुकला. आपल्याकडे अशा मदतीला एवढी किंमत पडत नाही; मग ती देण्यात आपण मागे का राहावे?