पानांचा अंगरखा

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधच्या काठी हिवाळ्यात पहाटेचे धुके उतरले म्हणजे पाण्यावरील बदके दृष्टीस पडण्यापूर्वी कानांस कळतात. अशा वेळी पांढरा सदरा घातलेला मनुष्य बांधावर उभा राहिला, तर क्षणार्धात थवा उठतो आणि तळे ओस पडते. तोच मनुष्य गवतात गवत होऊन बसला, तर पाखरे त्याच्यापासून दहा हातांवर निर्धास्त चरतात. मनुष्य असून मनुष्य न दिसणे ही विद्या फार जुनी आहे. तिच्यासाठी मनुष्याने जो पोशाख शिवला, त्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. पुढे लष्कराने त्याला मान दिला खरा. परंतु तो जन्मला लष्कराबाहेर, पोटासाठी रानात हिंडणाऱ्यांच्या हाती.

या विद्येचा आद्य गुरू निसर्गच होय. रातवा पक्षी दिवसा जमिनीवर पाचोळ्यात बसतो आणि पाऊल त्याच्यावर पडेपर्यंत दिसत नाही. वाघाचा नारिंगी रंग आपल्या डोळ्यांस भडक वाटतो. पण हरणाच्या डोळ्यांस तांबडा आणि हिरवा हा भेद नीटसा उमगत नाही, म्हणून त्यास वाघ वाळल्या गवतासारखाच भासतो. अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेअर याने १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले की, अनेक प्राण्यांची पाठ गडद व पोट फिकट असते, त्यामुळे ऊन व सावली एकमेकांस खोडून काढतात आणि शरीराचा गोलवा नाहीसा होतो. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट याने १९४० साली याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने विशेष भर दिला तो बाह्यरेषा मोडण्यावर. डोळा प्रथम ओळखतो तो आकार. डोके, खांदे आणि हात यांची रेघ तुटली की पाहणाऱ्याच्या लेखी मनुष्य नाहीसा झाला!

हे तत्त्व ग्रंथांत येण्यापूर्वी कितीतरी आधी आपल्याकडील पारध्यांना ठाऊक होते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्या काळी भंडारा जिल्हा याच प्रांतात मोडत असे. त्यातूनच १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्या ग्रंथात बहेलिया नावाच्या पक्षी धरणाऱ्या जातीच्या साधनाचे वर्णन आहे. पतंगाच्या सांगाड्यासारखा, पुरुषभर उंचीचा, बांबूच्या हलक्या कामट्यांचा एक साचा. त्यावर हिरव्या डहाळ्या बांधलेल्या, आणि पाहण्यापुरती दोन भोके ठेवलेली. हे हिरवे कवाड पुढे धरून बहेलिया तसूतसूने सरकत असे. पाखराच्या दृष्टीने ते एक झुडूप. जवळ पोचताच तो चिकट लावलेली काठी हळूच पुढे सारी, आणि पाखरू तिला चिकटे. आपल्याकडील फासेपारध्यांनी हेच काम फासांच्या साह्याने केले. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ जात.

या ग्रंथाच्या कर्त्याचा अंत मोठा चटका लावणारा आहे. ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने 'पर्शिया' हे जहाज बुडविले, त्यात रसेल गेले. दडून सावज गाठणाऱ्यांची विद्या ज्यांनी टिपून ठेवली, त्यांना पाण्याखाली दडलेल्या यंत्राने गाठावे, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा. पुढे १९१७ साली नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराच्या सूचनेवरून इंग्रजांनी आपली जहाजे वेड्यावाकड्या पट्ट्यांनी रंगविली. हेतू जहाज लपविण्याचा नव्हता. त्याची दिशा व वेग यांविषयी शत्रूची नजर फसावी एवढाच होता.

आता स्कॉटलंडकडे वळू. तेथील डोंगराळ मुलखात जमीनदारांच्या शिकारीस साह्य करणारे नोकर असत. त्यांस गेलिक भाषेतील 'पोरगा' अथवा 'सेवक' अशा अर्थाच्या शब्दावरून 'गिली' म्हणत. तेथील लोककथांत पाने आणि शेवाळ पांघरून राहणारा एक वनपुरुषही आहे. हे गिली गवताळ रानात तासन्‌तास निश्चल पडून हरणाचा माग ठेवीत. १९०० साली बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅट यांनी अशाच डोंगरी माणसांचे पथक उभारले, ते लोव्हॅट स्काउट्स. पहिल्या महायुद्धात याच पथकातून नेमबाजांची व टेहळ्यांची तुकडी निघाली. अंगभर चिंध्या व गोणपाटाचे धागे लोंबणारा त्यांचा झगा आज जगभर 'गिली सूट' म्हणून ओळखला जातो.

तत्पूर्वी इंग्रज सैन्य लाल डगले घालून रणात उतरत असे. धुळीचा रंग त्यास मिळाला तो हिंदुस्थानात. १८४६ साली लम्सडेन याने पेशावर येथे गाइड्स पथक उभारले, आणि त्या पथकाने मातकट रंगाचे कपडे स्वीकारले. 'खाक' म्हणजे धूळ, या फारसी शब्दावरून 'खाकी' झाले. फ्रेंचांनी १९१५ साली चित्रकारांना हाताशी धरून तोफा व छावण्या झाकण्याचे स्वतंत्र खातेच काढले. चालते अरण्य पाहून राजा हबकतो, हा 'मॅक्बेथ' नाटकातील प्रसंग आपल्या वाचकांस शिवराम महादेव परांजपे यांच्या 'मानाजीराव'मुळे परिचित आहे. युरोपातील रणांगणावर तो असा खरा ठरला.

येथे इतिहासाचा एक अन्याय ध्यानात घेतला पाहिजे. विद्या एकच, परंतु ती जाणणाऱ्यांच्या वाट्याला आलेले फळ किती निराळे! स्कॉटलंडच्या शिकारी नोकरास पलटण मिळाली, गणवेश मिळाला, पदके मिळाली. त्याच साम्राज्यात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि पुढे फासेपारध्यांसारख्या जमातींवर तो लादला गेला. जन्मतःच गुन्हेगार ठरलेल्यांना हजेरी आली, पहारा आला. रानात निःशब्द चालणे हा एकाचा गुण ठरला आणि दुसऱ्याचा पुरावा! स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला, तेव्हापासून या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जातात. कपाळावरचा शिक्का मात्र कायद्याइतक्या लवकर पुसला गेला नाही.

युद्धातली ही विद्या मुलांच्या खेळात आणली बेडन-पॉवेल यांनी. त्यांच्या १९०८ सालच्या बालवीरांवरील पुस्तकात एक खेळ आहे. एकाने हरीण व्हावयाचे आणि उघड्यावर उभे राहावयाचे. इतरांनी न दिसता सरपटत त्याच्याकडे यावयाचे. दिसला तो बाद. वेळ संपताच जो सर्वांत जवळ, तो विजयी. या खेळासाठी लागणारा अंगरखा घरीच होतो आणि खर्चही बेताचा येतो. जुना सैल सदरा घ्यावा. त्याच्या पाठीवर, खांद्यांवर आणि टोपीवर मासे धरण्याच्या जुन्या जाळ्याचा तुकडा टाचावा. तळ्यांच्या या जिल्ह्यात धिवरांकडे असे जाळे सहज मिळते. गोणपाट उसवून त्याचे धागे काढावेत, वीतभर लांबीचे, पण मुद्दाम कमीअधिक. आणि जाळ्याच्या घरांत गाठी मारून लोंबते सोडावेत. डोके व खांदे येथे ते दाट असावेत, कारण मनुष्य ओळखू येतो तो तेथेच. छाती, कोपरे व गुडघे मात्र मोकळे ठेवून तेथे दुहेरी गोणपाट लावावे, नाहीतर सरपटताना धागे अडकतात. काही घरे रिकामी राखावीत. ज्या जागी खेळावयाचे तेथील गवत त्यांत खोवावे.

रंगाविषयी गोंदियाचे रान चांगला धडा देते. साग, ऐन, तेंदू, मोह यांचे हे पानझडी वन श्रावणात गर्द हिरवे असते आणि होळीनंतर तपकिरी. पावसाळ्यातला अंगरखा उन्हाळ्यात घातला तर तो झाकण्याऐवजी दाखवीलच. धागे चहाच्या पाण्यात अथवा चिखलात बुडवून मळकट करावेत. चकचकीत काही ठेवू नये. ताग झपाट्याने पेट घेतो, यास्तव शेकोटी व विडीकाडी यांपासून दूर राहावे, आणि भर उन्हात हा भार अंगावर बाळगू नये. वडील माणसांस सांगितल्याशिवाय झाडीत दडू नये. अभयारण्यात तर हा खेळ नकोच. आणि पोशाख कितीही उत्तम असो, एक हात हलला की सारे कसब फुकट जाते.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि दरम्यान १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपविला. नवेगाव बांध येथे वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे, सवयी व शब्द वेचले आणि ते मराठीत आणून ठेवले. ज्या ज्ञानाला कायद्याने एके काळी गुन्हा मानले, तशाच ज्ञानाने आपली भाषा समृद्ध झाली.

पानांचा अंगरखा पूर्वी सावज मारण्यासाठी होता, मग शत्रू मारण्यासाठी झाला. नवेगावच्या काठी आज त्याला तिसरे काम आहे. त्यात बसलेल्या मुलाने हाती काही न घेता पाण्याकडे पाहावे, आणि थवा उडू नये, एवढेच. बहेलियाने ज्या दोन भोकांतून पाहिले, त्यांतूनच पाहावयाचे. पण पुढे काठी सारावयाची नाही.