आकार जुळला, करार जुळला का? : संगणकाच्या पॉवर सप्लायचा इतिहास

#इतिहासधागा

१/ गेमिंगच्या संगणकातला पॉवर सप्लाय जळाला की आपण दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतो : "किती वॅटचा घेऊ?" हा प्रश्न अपुरा आहे. त्या लोखंडी पेटीवरचा प्रत्येक आकडा आणि तिच्यातून निघणारा प्रत्येक प्लग ही कुठल्या ना कुठल्या जुन्या निर्णयाची खूण आहे. ते निर्णय ठाऊक नसतील तर नवी पेटी चांगल्या संगणकाची राख करू शकते. असे प्रत्यक्षात घडलेले आहे.

२/ आधी पेटीचे काम समजून घेऊ. आपल्या घरात २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तने घेणारा प्रत्यावर्ती प्रवाह येतो. संगणकातल्या चिपना मात्र अत्यल्प दाबाचा, स्थिर, एकदिश प्रवाह लागतो. या दोहोंमधला दुभाषी म्हणजे पॉवर सप्लाय. आपल्या बाजारात त्याला सर्रास 'एसएमपीएस' म्हणतात. त्यातला 'एस' म्हणजे स्विच, आणि खरी क्रांती त्या एका अक्षरात दडलेली आहे.

३/ स्विचपूर्व काळातली पद्धत सरळ, पण उधळी होती. जडशीळ ट्रान्सफॉर्मरने दाब उतरवायचा, तो एकदिश करायचा आणि गरजेपेक्षा जास्त उरलेला दाब उष्णतेच्या रूपाने जाळून टाकायचा. १९७५ च्या 'अल्टेअर ८८००' या गाजलेल्या संगणकात असाच वजनदार ट्रान्सफॉर्मर होता. भरवसा उत्तम, पण वजन, आकार आणि उष्णता यांचा भार मोठा.

४/ स्विचिंग पद्धतीने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. भिंतीतली वीज आधी एकदिश करायची, मग ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने सेकंदाला हजारो वेळा तोडायची आणि जोडायची. आवर्तने वाढली की तेवढ्याच कामाला ट्रान्सफॉर्मर खूप लहान पुरतो. दाब कमी-जास्त करायचा तर चालू-बंद राहण्याच्या वेळेचे प्रमाण बदलायचे. जादा ऊर्जा जाळण्याची गरजच उरत नाही.

५/ ही कल्पना कुण्या एकाची नव्हे. १९३० च्या दशकातल्या मोटारींच्या रेडिओत बॅटरीचा प्रवाह थरथरत्या यांत्रिक पट्टीने तोडून त्याचा दाब चढवीत. पुढे अंतराळयानांत, जिथे वजन हीच मोठी अडचण, तिथे ट्रान्झिस्टरने हे काम घेतले. १९७० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट बॉशर्ट या अमेरिकी अभियंत्याने घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वस्त स्विचिंग पुरवठे बांधायला सुरुवात केली आणि त्यातून कंपनी उभी केली.

६/ १९७७ साली 'अ‍ॅपल २' आला. स्टीव्ह जॉब्स यांना पंख्याची घरघर नको होती. पंखा नको म्हणजे उष्णता कमी हवी, आणि उष्णता कमी हवी म्हणजे स्विचिंग पुरवठा हवा. ते काम रॉड होल्ट यांनी केले. पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी हलकी, शांत पेटी घराच्या टेबलावर विसावली. कामगिरी मोठी होती, यात शंका नाही.

७/ पुढे जॉब्स यांनी आपल्या चरित्रकाराला असे सांगितले की, आजचे सारे संगणक होल्ट यांच्याच रचनेची नक्कल वापरतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थबकावे. होल्ट यांच्या आधीही संगणक-उद्योगात स्विचिंग पुरवठे होते. १९७६ साली रॉबर्ट मॅमानो यांच्या 'एसजी १५२४' या चिपने नियंत्रणाचे सारे काम एका तुकड्यात आणले. तशी चिप होल्ट यांच्या रचनेत नव्हती. एका नायकाची गोष्ट सांगायला सोपी असते, एवढाच तिचा गुण.

८/ आता १२ ऑगस्ट १९८१. 'आयबीएम पीसी' जाहीर झाला. त्याचा पॉवर सप्लाय अवघ्या ६३.५ वॅटचा. त्याची वाटणी पाहा : ५ व्होल्टवर ७ अँपिअर म्हणजे ३५ वॅट, १२ व्होल्टवर २ अँपिअर म्हणजे २४ वॅट, उरलेले साडेचार वॅट उणे ५ आणि उणे १२ व्होल्टवर. चिपचे खाद्य ५ व्होल्ट. १२ व्होल्ट मुख्यतः डिस्क फिरवणाऱ्या मोटरसाठी. ही वाटणी ध्यानात ठेवा, पुढे ती पूर्ण उलटणार आहे.

९/ आयबीएमने या यंत्राची तांत्रिक माहिती पुस्तकरूपाने उघड केली. इतर कंपन्यांनी सुसंगत यंत्रे बनवली आणि त्यांबरोबर पेटीचा आकार, स्क्रूंच्या जागा, प्लगची मांडणीही उचलली. कुणी सही न करता एक करार जन्माला आला : कुणाचीही पेटी, कुणाच्याही संगणकात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन 'असेंबल' केलेला संगणक शक्य झाला तो याच करारामुळे.

१०/ पण करार कच्चा होता. मदरबोर्डला वीज देणारे दोन प्लग असत, पी ८ आणि पी ९. दोन्ही सारखेच, शेजारी शेजारी. त्यांची अदलाबदल झाली तर मदरबोर्ड गतप्राण. म्हणून त्या पिढीतला प्रत्येक कारागीर एकच मंत्र पाठ करी : काळ्या तारा मध्यभागी, एकमेकींना लागून. यंत्राची सुरक्षितता माणसाच्या स्मरणशक्तीवर टांगलेली होती.

११/ दुसरा सापळा पेटीच्या पाठीवर होता : ११५ आणि २३० लिहिलेली लहानशी लाल कळ. अमेरिकेतला घरगुती पुरवठा एडिसनच्या काळापासून ११० व्होल्टच्या आसपासचा, आपला त्याच्या दुप्पट. एकाच पेटीने दोन्ही देशांत चालावे म्हणून ११५ वर आत दाब दुप्पट करणारी रचना होती. आपल्याकडे कळ चुकून ११५ वर राहिली तर दुप्पट दाबाची पुन्हा दुप्पट! परिणाम म्हणजे स्फोटासारखा आवाज आणि धूर. आजच्या चांगल्या पेट्या १०० ते २४० व्होल्ट आपोआप स्वीकारतात. जुनी पेटी हाताळताना मात्र ती कळ प्रथम पाहावी.

१२/ १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' हे प्रमाण प्रसिद्ध केले आणि करार लेखी झाला. दोन प्लगांऐवजी वीस खुंट्यांचा एकच प्लग, उलटा बसूच न शकणारा. ३.३ व्होल्टची नवी वाहिनी आली. बटण दाबल्यावर भिंतीची वीज तोडण्याऐवजी मदरबोर्ड पेटीला केवळ संकेत देऊ लागला. विंडोजला स्वतःच संगणक बंद करता येऊ लागला तो यामुळे.

१३/ या सोयीची एक किंमत आहे. एटीएक्स पेटी संगणक 'बंद' असतानाही ५ व्होल्टचा जागता पुरवठा देत राहते. म्हणून पेटी बदलताना भिंतीतला प्लग काढणे अनिवार्य. आणि पेटीचे झाकण उघडायचे नाही : २३० व्होल्ट एकदिश झाल्यावर आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. तो प्राणघातक ठरू शकतो.

१४/ आता या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण. सुमारे १९९८ ते २००० या काळात डेल कंपनीने आपल्या अनेक संगणकांत एटीएक्सचाच वीस खुंट्यांचा प्लग वापरला, पण आतल्या तारांचा क्रम बदलला. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळू नये. पेटी बिघडली, मालकाने बाजारातली प्रमाणित पेटी आणली, प्लग अगदी सहज बसला, आणि कळ दाबताच मदरबोर्ड, पेटी किंवा दोन्ही जळून गेले.

१५/ पी ८-पी ९ च्या काळात चूक माणसाच्या हातून होत असे. इथे माणसाने काहीच चुकीचे केले नव्हते. प्लगच्या आकाराने दिलेले वचन आतल्या तारांनी पाळले नाही, एवढेच. भाग 'बदलता येणे' हा वस्तूचा निसर्गदत्त गुण नाही. तो सर्वांनी पाळलेल्या सार्वजनिक कराराचा परिणाम आहे. करार मोडला की तोच आकार सापळा होतो.

१६/ पुढचे वळण २००० सालचे, पेंटियम ४ चे. प्रोसेसरचा दाब दोन व्होल्टच्या खाली उतरला, पण त्याची शक्तीची भूक वाढत गेली. तेवढीच शक्ती कमी दाबाने न्यायची तर प्रवाह वाढतो, आणि तारेतला ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वीज दूरवर उच्च दाबाने नेतात ती याच कारणाने. म्हणून प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा स्वतंत्र चार खुंट्यांचा प्लग आला. दाब प्रोसेसरच्या शेजारीच उतरवला जाऊ लागला. १९८१ मध्ये दुय्यम असलेली १२ व्होल्टची वाहिनी आता मुख्य झाली.

१७/ लेबल वाचायची किल्ली इथे सापडते. समजा पेटीवर ठळक अक्षरांत '४५० वॅट' लिहिले आहे, पण तक्त्यात १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर आहेत. गुणाकार करा : २१६ वॅट. उरलेले वॅट कागदावर ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत आहेत, जिथे आजच्या संगणकाला त्यांचा फारसा उपयोग नाही. उलट ६५० वॅटच्या चांगल्या पेटीत १२ व्होल्टवर ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॅट मिळतात. कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेल्या पेटीचे लेबल या नजरेने एकदा वाचून पाहावे.

१८/ गेमिंगमुळे भार ग्राफिक्स कार्डाकडे सरकला. पीसीआय एक्स्प्रेसची खाच ७५ वॅट देते. सहा खुंट्यांचा प्लग आणखी ७५, आठ खुंट्यांचा १५०. शिवाय कार्डाची मागणी क्षणार्धात उसळी मारते. २०२२ च्या एटीएक्स ३.० ने या उसळ्या नियमात बसवल्या : अत्यंत अल्प काळासाठी पेटीने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भारही सोसला पाहिजे. ऐन खेळात संगणक अचानक बंद पडतो, त्यामागे अनेकदा अशी उसळीच असते.

१९/ त्याच वर्षी एकाच लहान प्लगमधून ६०० वॅटपर्यंत नेणारा सोळा खुंट्यांचा '१२ व्हीएचपीडब्ल्यूआर' आला. हिशेब करा : १२ व्होल्टवर ५० अँपिअर, सहा खुंट्यांत वाटलेले; प्रत्येकीवर आठांहून अधिक. काही महिन्यांतच वितळलेल्या प्लगची छायाचित्रे जगभर फिरली. प्लग पूर्ण न बसणे हे एक प्रमुख कारण पुढे आले. २०२३ मधल्या '१२ व्ही-२×६' या सुधारित रूपात संकेताच्या खुंट्या आखूड केल्या गेल्या; प्लग नीट बसला नाही तर कार्डाला वीजच मिळू नये. पी ८-पी ९ चा जुना धडा पुन्हा गिरवावा लागला.

२०/ '८० प्लस'च्या ब्राँझ, गोल्ड या पदव्यांचे काय? २००४ मध्ये सुरू झालेली ही योजना वीज वाचवण्यासाठी होती. संगणकाला ४०० वॅट हवे असतील तर ८० टक्के कार्यक्षम पेटी भिंतीतून ५०० वॅट ओढते आणि १०० वॅटची उष्णता करते. ९० टक्के कार्यक्षम पेटी सुमारे ४४ वॅटचीच. लाभ खरा आहे. पण ही पदवी कार्यक्षमतेची आहे, सुरक्षिततेची नव्हे. अतिप्रवाह, अतिदाब आणि शॉर्टसर्किट यांपासूनचे संरक्षण वेगळे तपासावे लागते.

२१/ आणि एक मोडका करार आजही आपल्या घरात आहे. सुट्या केबलींच्या 'मॉड्युलर' पेट्यांत संगणकाच्या बाजूचे प्लग प्रमाणित आहेत, पेटीच्या बाजूचे नाहीत. दोन कंपन्यांच्या, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या केबलींतही तारांचा क्रम निराळा असतो. पेटी बदलताना "जुन्या केबली आहेत तशाच राहू देऊ" असा आळस केला, तर एसएसडी आणि हार्ड डिस्क त्यातल्या साऱ्या आठवणींसह जळू शकतात. पेटी बदलली की केबलीही बदलायच्या.

२२/ तर नवी पेटी निवडताना हा क्रम ठेवावा.
• संगणक मोठ्या कंपनीचा तयार संच असेल तर पेटीचा आकार आणि प्लगची मांडणी प्रमाणित आहे का, ते आधी शोधा.
• प्रोसेसर आणि कार्ड यांचा भार मोजा. १२५ अधिक २०० अधिक इतर ७५ म्हणजे ४०० वॅट असेल, तर ५५० ते ६५० ची पेटी योग्य.
• १२ व्होल्टचे अँपिअर गुणून पाहा.
• कार्डाला लागणारे प्लग पेटीतच आहेत ना, हे तपासा. जोडणीच्या तुकड्यांवर विसंबू नका.
• संरक्षणे आणि हमीची वर्षे वाचा, पदवी त्यानंतर.

२३/ ६३.५ वॅटपासून हजार वॅटपर्यंतच्या या प्रवासात यंत्रे अनेकदा बदलली, पण आपल्या हाती असलेली मुभा तीच राहिली : बिघडलेला एक भाग काढून दुसऱ्या कुणी बनवलेला भाग बसवण्याची. ती कुणा एका प्रतिभावंताची देणगी नाही. उघड केलेल्या माहितीने, लेखी प्रमाणांनी आणि जळालेल्या मदरबोर्डांनी ती घडवली आहे. पुढच्या वेळी प्लग सहज बसला, तरी कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि लेबल वाचा.

धागा समाप्त. आपल्याकडे जुनी पेटी असेल तर तिच्या लेबलावरचा १२ व्होल्टचा आकडा उत्तरात लिहा. तिचा काळ ओळखण्याचा प्रयत्न करू.